हंसांना वाट कोण दाखवतो?

इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा भीमेला मिळते तिथे नरसिंहपूर आहे. थंडीत लक्ष्मी-नृसिंहाच्या दर्शनाला गेलात, तर घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसा आणि आभाळाकडे लक्ष ठेवा. इथून वरच्या अंगाला भीमेवर १९८० साली पुरे झालेले उजनी धरण आहे. तिथल्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात. अंग राखी, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. येतात ते हिमालय ओलांडून, पार तिबेट-मंगोलियाकडून! हरभऱ्यात उतरले की आपण त्यांना हाकलतो. नुकसान होते, हे खरेच. पण एवढी वाट त्यांना सापडते कशी?

पक्षी दिवसा सूर्यावरून, रात्री ताऱ्यांवरून दिशा ओळखतात. आभाळ भरून आले तर? आपली पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबकच. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत रॉबिन या चिमणीएवढ्या पक्ष्यावर प्रयोग झाले. पिंजऱ्याभोवतीचे चुंबकत्व फिरवले, की पक्षीही दिशा बदली. पुढे आणखी नवल कळले. निळ्या-हिरव्या उजेडात त्याला दिशा उमगते, नुसत्या तांबड्या उजेडात तो गोंधळतो. म्हणून हे होकायंत्र डोळ्यातच असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

रात्रीचे झगमगीत दिवेही प्रवासी पक्ष्यांना चकवतात. तेव्हा वस्तीवरच्या दिव्याचे तोंड जमिनीकडे ठेवा, काम झाले की बटण बंद करा; विजेचे बिलही वाचेल. उन्हाळा लागला, की हे पाहुणे उत्तरेकडे निघतात.