लिगुरियाच्या किनाऱ्याने

आमच्या वयाची माणसे परदेशप्रवासाला निघाली म्हणजे यात्रा कंपनीची बस, मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि रात्री वरणभात हे सारे गृहीतच धरलेले असते. आम्ही उभयतांनी गेल्या सप्टेंबरात हा शिरस्ता मोडला. पाठीवर एकेक सॅक आणि खिशात इटालियन शब्दांची हाताने लिहिलेली वही, एवढ्या भांडवलावर आम्ही जेनोवा शहरी उतरलो. बडोद्याच्या आप्तेष्टांनी आम्हांला वेड्यात काढले होते. ते सर्वस्वी चुकीचे होते असे आजही म्हणवत नाही.

जेनोवा, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातले जिनोआ, हे डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेले पुरातन बंदर आहे. जुन्या शहरातील गल्ल्यांना तेथे ‘कारुजी’ म्हणतात. उंच घरांच्या मधून त्या इतक्या अरुंद जातात की ऊन जमिनीपर्यंत क्वचितच पोहोचावे. मराठी वाचकाचे या शहराशी एक जुने नातेही आहे. जोसेफ मॅझिनी १८०५ साली येथेच जन्मला, आणि त्याच्या लेखनाचा सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला व पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. मॅझिनीच्या जन्मघरात आज संग्रहालय आहे. त्या दारापाशी आम्ही क्षणभर उभे राहिलो, तेव्हा परके शहर थोडे कमी परके वाटले.

त्याच संध्याकाळी एका लहानशा खाणावळीत आम्हांला प्रवासाचे सोबती मिळाले. निमित्त झाले ‘फारिनाता’चे. चण्याचे पीठ पाण्यात कालवून त्यात मीठ व ऑलिव्हचे तेल घालतात आणि तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. पहिला घास घेताच, “अहो, हे तर फोडणी विसरलेले पिठले!” असे उद्गार आमच्यापैकी एकीच्या तोंडून निघाले आणि आम्ही मोठ्याने हसलो. शेजारच्या बाकावरील मंडळींनी हसण्याचे कारण विचारले. त्यांत पोलंडचे एक तरुण जोडपे होते, आणि साठी ओलांडलेल्या, अर्जेंटिनाहून एकट्याच आलेल्या एक बाई होत्या. जेवण संपेपर्यंत आमचा पाच जणांचा काफिला ठरला. बाईंना आम्ही मावशी म्हणू लागलो. अर्थ सांगितला तेव्हा त्या प्रसन्न झाल्या आणि पुढे स्वतःची ओळखही तशीच करून देऊ लागल्या.

मावशींचे आजोबा पहिल्या महायुद्धापूर्वी याच बंदरातून बोटीत बसून ब्वेनोस आइरेसला गेले होते. त्या काळी उपजीविकेसाठी लाखो इटालियन माणसे समुद्रापार गेली. ब्वेनोस आइरेसची ‘ला बोका’ ही वस्ती तर जेनोवाकडच्या खलाशांनी व कारागिरांनीच गजबजवली. मावशींजवळ दगडी कुंपणापुढे उभ्या असलेल्या एका घराचे पिवळे पडलेले छायाचित्र होते, आणि मानारोला गावाच्या वर, वोलास्त्रा नावाच्या वाडीत ते घर आहे एवढी माहिती होती.

जेनोवाहून आगगाडी समुद्राला बिलगून आग्नेयेकडे जाते. १८७४ साली पुऱ्या झालेल्या या लोहमार्गावर बोगद्यांची नुसती माळ आहे. अंधार, मग क्षणभर निळेशार पाणी, पुन्हा अंधार. वाटेत कामोली या कोळ्यांच्या गावी आम्ही उतरलो. समुद्रावरून घर ओळखू यावे म्हणून तेथील उंच घरे पिवळ्या, तांबड्या रंगांत रंगवितात असे सांगतात. कित्येक खिडक्या तर नुसत्या भिंतीवर चितारलेल्या! एक खिडकी खरी समजून आमच्यापैकी एकाने आतील मांजराला हाक मारली. मांजरही चितारलेलेच निघाले.

पुढे ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणजे पाच गावांचा मुलूख लागतो: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे. १९९७ साली युनेस्कोने यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मोंतेरोस्सोहून वेर्नात्सापर्यंतची दोन तासांची पायवाट चढताना आम्ही थबकलो, ते दृश्याच्या भव्यतेने नव्हे, तर ओळखीने. सरळ कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षमळे चढलेले, आणि प्रत्येक पायरीला चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडांची भिंत. “हे तर आपल्याकडचे गडगे!” कोकणात पाहिलेली ती रचना येथे अख्ख्या डोंगरालाच घातलेली होती.

हे गडगे शोभेचे नाहीत. दगडांच्या फटींतून पावसाचे पाणी निथळून जाते, म्हणून माती टिकते. पण दरवर्षी कोठेतरी भिंत फुगते, दगड निसटतो, आणि तो शेतकऱ्याला पुन्हा बसवावा लागतो. मळे ओस पडले की भिंती ढासळतात आणि माती मोकळी होते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी येथे अतिवृष्टी झाली तेव्हा वेर्नात्साची मुख्य वाट चिखलदगडांनी काही मीटर उंच भरून गेली, आणि माणसेही दगावली. आज तेथे छत्र्या लावलेल्या टेबलांवर बसून पाहुणे थंड पेये घेतात. आम्हीही घेतली, परंतु नजर वारंवार वरच्या डोंगराकडे जात होती.

कोर्निल्या हे गाव मात्र समुद्रापासून शंभर मीटर उंचावर आहे, आणि स्टेशनापासून पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. तेथे आमच्या सॅकांनी आमचे वय मोजून दाखविले. पोलंडच्या मुलाने न विचारता दोन्ही सॅका उचलल्या. आम्ही नको नको म्हटले, पण फार आग्रहाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी मळ्यांमधील वाटेने आम्ही वोलास्त्राला पोहोचलो. द्राक्षांची तोडणी चालू होती. छायाचित्रातील घर सापडले. परंतु त्याच्या दारावर आकड्यांचे कुलूप होते आणि शेजारी भाड्याच्या खोल्यांची पाटी. मावशींनी पाटीवरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या तरुणीने मोकळ्या तारखा सांगितल्या. आजोबांचे नाव तिला अर्थातच ठाऊक नव्हते. मावशी कुंपणाच्या भिंतीवर बसल्या आणि काही वेळ काहीच बोलल्या नाहीत.

मग पलीकडच्या मळ्यातून एक वृद्ध शेतकरी आला. मावशींनी लहानपणी आजोबांकडून ऐकलेले चार-सहा शब्द उच्चारले. ते इटालियन नव्हते, जेनोवाकडच्या बोलीतले होते. म्हाताऱ्याने टोपी काढली. तो त्याच बोलीत भराभरा बोलू लागला आणि मावशींना त्यातले फारसे काही कळेना. तरी दोघेही हसत होते. त्याची नातवंडे शहरात असतात आणि ही बोली बोलत नाहीत, असे त्याने नंतर सांगितले.

घरामागची भिंत एका ठिकाणी ढासळली होती. मावशींनी एक दगड उचलून खळग्यात ठेवला. म्हाताऱ्याने तो पाहिला, मान हलवली, दगड काढला, फिरवला आणि पुन्हा बसविला. पोलंडच्या मुलीने अर्थ लावून सांगितला: दगडाला एक तोंड असते, ते आत जायला हवे. मावशींचा दुसरा दगड त्याने हलविला नाही.

आमचे पणजोबा सयाजीरावांच्या कारकिर्दीत रत्नागिरीकडून बडोद्यास आले. घरात आम्ही मराठी बोलतो, बाजारात गुजराती. नातवंडांच्या मराठीत दोन्हींची सरमिसळ असते आणि आम्ही कधी रागावतो, कधी हसून सोडून देतो. कोकणातल्या घराची विचारपूस मात्र आम्ही कित्येक वर्षांत केली नव्हती. मानारोलाच्या धक्क्यावर मावशींचा निरोप घेतला त्या रात्री आमच्यात याच विषयावर बोलणे झाले.

परतल्यावर पहिले पत्र आम्ही गावच्या चुलत्यांना लिहिले. घर अजून उभे आहे; पूर्वेकडचा गडगा मात्र दोन पावसाळ्यांपूर्वी पडला. दिवाळीनंतर नातवंडांना घेऊन तिकडे जायचे ठरविले आहे. दगडाचे तोंड कोणते, हे ओळखता येईल असा भरवसा नाही. पण सांगणारा कोणी तेथे अजून असेल.