चालू दुकान थांबवताना

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि दुसऱ्या दिवसापासून ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टचे मोठे सणासुदीचे सेल सुरू व्हायचे होते. देशभरचे ऑनलाइन विक्रेते किमती बदलण्यात आणि माल भरण्यात गढले होते. धाराशिव जिल्ह्यात मात्र त्या आठवड्यात नद्या पात्राबाहेर आल्या होत्या. परंडा आणि भूम तालुक्यांत घरांत पाणी शिरलं, माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं, दावणीची जनावरं वाहून गेली. भूम तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं लहानसं ऑनलाइन दुकान त्या दिवशीही चालू होतं, आणि त्यावर ऑर्डरी येत होत्या.

या गटाचं ऑनलाइन कामकाज मी पाहते. गटाच्या अध्यक्षांना सगळे मावशी म्हणतात, मीही. गावात आदल्या रात्रीपासून वीज नव्हती, ओढ्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होतं, आणि मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त शाळेच्या गच्चीवर. मावशींनी तिथूनच फोन केला. "ताई, ते दुकान झाका आधी. हितं म्हसरं कुठं बांधावीत ते कळंना, अन् फोन नुसता टिंगटिंग वाजायलाय."

मी धाराशिव शहरात होते, माझ्याकडे वीज होती. विक्रेत्याचं पॅनल उघडून अख्खं दुकान थांबवणारी सुट्टीची कळ दाबली. ही कळ दाबली की सगळा माल क्षणात दिसेनासा होतो असं नव्या विक्रेत्यांना वाटतं. प्रत्यक्षात बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात आणखी एखाददोन ऑर्डरी येऊन पडतात. शिवाय कळ दाबण्याआधी आलेल्या ऑर्डरी तशाच उभ्या राहतात. त्या पाठवायच्या, नाहीतर रद्द करायच्या. विक्रेत्यानं रद्द केली, की ते त्याच्या नावावर मांडलं जातं.

हे मांडणं लहान दुकानाला किती जड जातं, ते आकड्यांवरून कळतं. ॲमेझॉनचा नियम असा, की पाठवणी होण्याआधी विक्रेत्यानं रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत हव्यात, आणि उशिरा पाठवलेल्या चार टक्क्यांच्या आत. इतर बाजारपेठांचे आकडे वेगळे असतील, पद्धत साधारण हीच. हजार ऑर्डरींच्या दुकानात वीस रद्द झाल्या तरी खपून जातं. तीसच ऑर्डरी असतील, तर एक रद्द झाली की प्रमाण तीन टक्क्यांच्या वर गेलंच.

आमचं दुकान ज्या बाजारपेठेवर आहे, तिच्या मदत केंद्राला मी पुराची हकीगत लिहिली. उत्तर लगेच आलं, यंत्रानं लिहिलेलं: कृपया ऑर्डर वेळेत पाठवा. मग आम्ही ग्राहकांनाच परिस्थिती कळवली. गटाचे ग्राहक पुण्या-मुंबईचे, बहुतेकांनी बातम्या पाहिल्या होत्या. अनेकांनी आपणहून ऑर्डर मागे घेतली. ग्राहकानं मागे घेतलेली ऑर्डर विक्रेत्याच्या नावावर पडत नाही. ज्यांनी घेतली नाही, त्यांच्या आम्ही रद्द केल्या आणि रेटिंग घसरलं ते घसरलं.

पण दुकान वेळेत मिटलं, हे खरं. कारण कुठली कळ दाबायची ते गटाला आधीच ठाऊक होतं. ते शिकवलं होतं उन्हाळ्यानं.

भूम, परंडा, वाशी हा बालाघाटाच्या कुशीतला पट्टा. पाऊस बेताचा, जमीन हलकी, त्यामुळे घरोघरी दुभती जनावरं आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की किलोभर खवा हाताला लागतो. जाळावरच्या कढईत दूध सतत हलवत राहावं लागतं. उलथणं थांबलं की खवा बुडाला लागतो आणि करपट वास पेढ्यापर्यंत जातो. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र याच भूम तालुक्यात आहे आणि पेढ्याचं नाव इथून दूरवर गेलं आहे. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

गटानं तीन गोष्टी ऑनलाइन विकायला घेतल्या: खरपूस भाजलेला पेढा, शेंगदाण्याची चटणी आणि कवड्यांची माळ. खाण्याच्या वस्तूंसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी काढली. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असली तर ती तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत होत असे. जीएसटी नोंदणीची अट १ ऑक्टोबर २०२३ पासून शिथिल झाली आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तर लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात ई-बाजारपेठेवरून नोंदणीशिवाय विकता येतं. म्हणून तर ग्राहक पुण्या-मुंबईचे.

गुढीपाडवा सरला की या भागात चारा महागतो आणि दूध आटतं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन होते. भूमचं नाव यादीत नव्हतं, पण शेजारच्या तालुक्यात चारा नसला की इथल्या कडब्याची पेंढीही महाग होते. पुढच्या उन्हाळ्यात खवा मिळेना. जो मिळाला त्याचा पेढा कुरिअरच्या गाडीत दोन दिवस चाळिशीच्या उन्हात शिजून पोचू लागला. बुरशीचे फोटो आले, पैसे परत गेले.

तेव्हा माल थांबवण्याचे तीन मार्ग आम्ही नीट समजून घेतले. पहिला, साठा शून्य करणं. वस्तूचं पान दिसत राहतं, फक्त 'सध्या उपलब्ध नाही' असं येतं. दोन-चार दिवसांचा खंड असेल तर हे पुरतं. दुसरा, लिस्टिंग बंद करणं. विक्रीच्या यादीतून वस्तू जाते, पण तिची माहिती, फोटो आणि विक्रीचा इतिहास खात्यात राहतो, हंगाम आला की पुन्हा चालू करता येते. तिसरा मार्ग डिलीटचा. त्यात नोंदच पुसली जाते आणि परत विकायचं तर फोटोपासून सगळं नव्यानं भरावं लागतं. या तिन्हींहून वेगळी ती सुट्टीची कळ, जी एका वस्तूला नाही तर अख्ख्या दुकानाला लागते. एटसीसारख्या हस्तकलेच्या परदेशी बाजारपेठेवरही अशी सोय आहे, आणि तिथं ग्राहकांसाठी निरोप लिहून ठेवता येतो.

गटातल्या बायकांना बंद आणि डिलीट यांतला फरक सांगताना मला फार बोलावं लागलं नाही. मावशींनीच सांगून टाकलं, "आई मंचकी निद्रेला जाती, तवा अभिषेक बंद असत्यात. देऊळ कुठं बंद असतंय?" तुळजाभवानीची मूर्ती नवरात्राआधी सिंहासनावरून पलंगावर निजवतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. त्या दिवसापासून गटात पेढ्याची लिस्टिंग 'निजते' आणि 'उठते'. मार्चच्या अखेरीस निजवायची, पाऊस पडून हिरवा चारा आला की उठवायची, असं ठरलं. उन्हाळाभर चटणी आणि माळ दुकान सांभाळतात.

विक्रेत्यानं थांबवणं ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की बाजारपेठच वस्तू काढून टाकते, आणि कळतं तेव्हा ती गेलेली असते.

जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येच्या सोहळ्याच्या तोंडावर, ॲमेझॉनवर 'श्री राम मंदिर अयोध्या प्रसाद' या नावानं मिठाई विकली जात होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोटीस काढली आणि त्या लिस्टिंग हटवण्यात आल्या. मुद्दा मिठाईच्या दर्जाचा नव्हताच. जी वस्तू देवळाचा प्रसाद नाही, ती प्रसाद म्हणून विकणं ही ग्राहकाची दिशाभूल, असा तो होता. गटाच्या पेढ्याचं पान ज्या एजंटानं भरलं होतं, त्यानं शोधात वर यावं म्हणून शीर्षकात 'तुळजापूर प्रसाद' घातलं होतं. अयोध्येच्या बातमीनंतर काही दिवसांत ते पान आपोआप बंद झालेलं दिसलं. कारण एका ओळीचं, नियमभंग. शीर्षकातला प्रसाद काढून 'खव्याचा भाजका पेढा, भूम' असं लिहिल्यावर ते परत चालू झालं. मावशींचं म्हणणं स्पष्ट होतं: प्रसाद आईच्या पायाशी ठेवलेला असतो, आपला पेढा भट्टीवरचा आहे, काढलं ते बरंच झालं.

माळेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. कवड्यांची माळ म्हणजे तुळजाभवानीच्या आराध्यांची ओळख, आणि तुळजापूरच्या कवडीलाही २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी एके दिवशी माळेचं पान गेलं. संरक्षित वन्यजीवांपासून बनलेली वस्तू, असा शेरा. कवडी हे समुद्री गोगलगाईचं कवच आहे, आणि काही जातींच्या कवड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहेत हेही खरं. पूजेच्या दुकानात मिळणारी बारीक पिवळसर कवडी त्या जातींतली नव्हे, पण शब्द पाहून वस्तू गाळणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. आम्ही कवडीचं शास्त्रीय नाव, घाऊक व्यापाऱ्याचं बिल आणि जवळून काढलेले फोटो पाठवले. उत्तर यायला इतका वेळ लागला, की तोवर चैत्री यात्रा होऊन गेली होती. पान परत मिळालं, हंगाम गेला.

डिलीटची वेळ एकदाच आली, चटणीवर. दोनशे ग्रॅमचं पाकीट बंद करून अडीचशे ग्रॅमचं करायचं ठरलं होतं. जुन्याच पानावर वजन आणि किंमत बदलली तर काम सोपं झालं असतं. पण आधीचे ग्राहक ज्या पाकिटाबद्दल लिहून गेले ते हे पाकीट नव्हे, आणि छापलेलं वजन व पानावरचं वजन जुळलं नाही तर वजनमापाच्या नियमांत अडकायची भीती. म्हणून नवं पान केलं, जुनी पाकिटं संपेपर्यंत दोन्ही चालू ठेवली, राहिलेल्या परतफेडी मिटल्या आणि मगच जुनं पान पुसलं. आधी पुसलं असतं तर परत आलेल्या पाकिटांचा हिशेब कशाशी लावायचा, हा घोळ झाला असता.

दुकान थांबवणं म्हणजे नामुष्की, असं लहान विक्रेत्याला वाटतं. मोठ्यांना ते वाटत नाही. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा फ्लिपकार्टनं आपली सेवाच काही काळ थांबवली होती, आणि ॲमेझॉननं भारतात अत्यावश्यक नसलेल्या वस्तूंच्या ऑर्डरी घेणं थांबवलं होतं. दोघांनी तसं जाहीर सांगितलं, नंतर दुकानं उघडली आणि ग्राहक परत आले. 'सध्या ऑर्डर घेत नाही' एवढं वेळेवर सांगितलं, तर ग्राहक रागावत नाही. रागावतो तो पैसे घेऊन माल न पाठवणाऱ्यावर.

पूर ओसरल्यावर गटानं दुकान एकदम उघडलं नाही. आधी चटणी आणली, कारण शेंगदाण्याची पोती माळ्यावर होती म्हणून वाचली. मग माळ. पेढ्याला थांबावं लागलं. गटातल्या काहींच्या म्हशी गेल्या होत्या, ज्यांच्या राहिल्या त्या दुधाला उतरेनात, आणि भट्टीची लाकडं भिजून चिंब होती. दिवाळीचा पेढ्याचा हंगाम त्या वर्षी गटानं सोडून दिला. पान बंदच ठेवलं, पुसलं मात्र नाही. पेढा परत सुरू झाला तेव्हा जुने फोटो, जुने अभिप्राय, जुने ग्राहक जागेवर होते.

बचत गटांना ऑनलाइन विक्री शिकवणारी शिबिरं आता तालुक्या-तालुक्याला होतात. फोटो कसा काढावा, शीर्षक कसं लिहावं, किंमत कशी ठरवावी, सगळं शिकवतात. विक्री थांबवावी कधी आणि कशी, यावर मी पाहिलेल्या एकाही शिबिरात तासभर कुणी बोललं नाही. शिबिरं घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की तो तास ठेवा. साठा शून्य, लिस्टिंग बंद, सुट्टी आणि डिलीट या चार गोष्टी प्रत्येक बाईकडून तिच्या स्वतःच्या मोबाइलवर एकदा करवून घ्या. उभ्या ऑर्डरींचं काय करायचं तेही सांगा. आणि खात्याचा पासवर्ड गावात निदान दोघींकडे असू द्या, शहरात बसलेल्या एकटीकडे नको.