पाहता न येणारा दिग्दर्शक

कोल्हापूर

प्रिय भावा,

मराठी दिग्दर्शकांच्या तुझ्या यादीत भालजी आहेत, शांताराम आहेत, मास्टर विनायकही आहेत. बाबूराव पेंटर नाहीत. त्यावर तुझा सवाल बिनतोड वाटतो: ज्याचे सिनेमे बघायलाच मिळत नाहीत, त्याला जोखायचं कशावर? त्यांच्या मूकपटांपैकी १९२७च्या 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री'सारख्यांचे तुकडे तेवढे उरलेत.

कोल्हापूरनं यातून सोपी वाट काढली. बाबूराव म्हणजे स्वदेशी कॅमेरा घडवणारे कलामहर्षी! खरी कॉर्नरला स्मारक आहे तेही कॅमेऱ्याचंच. पण या कौतुकात दिग्दर्शक मागे राहिला.

१९२०च्या 'सैरंध्री'त त्यांनी बायकांची कामं बायकांनाच दिली. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. हे झालं सगळ्यांना पाठ असलेलं.

खरा ऐवज आहे १९२५चा 'सावकारी पाश'. कथा ना. ह. आपट्यांची. सावकाराच्या कचाट्यात जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. ती भूमिका तरुण शांतारामांची. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांना पुढं कितीतरी वर्षांनी आठवत होती ती अंधुक उजेडातली झोपडी आणि तिथं रडणारं कुत्रं. मूकपटातलं कुत्रं, बरं का! आवाज नसताना ते रडणं माणसाच्या डोक्यात राहतं, याचं श्रेय तू कुणाला देणार? शेतकऱ्याच्या जमिनीचीच गोष्ट सांगणारा बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' यायला अजून २८ वर्षं होती.

लोकांना मात्र हे पचलं नाही. त्यांना पुराण आणि इतिहास हवा होता. बाबूरावही मुकाट्यानं तिकडंच वळले. ही माघार माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली मोठी उणीव. १९२९मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाबूरावांच्या कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींच्या साथीनं इथंच 'प्रभात' ही त्यांची कंपनी उभी राहिली. बोलपटांत बाबूरावांचा जम तसा बसलाच नाही. १९३६ला त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा केला, बोलता. १९४७च्या 'लोकशाहीर रामजोशी'ची सुरुवात त्यांनी केली, तो पुरा केला शांतारामांनी.

दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'मधला तो साधा संसार बघताना त्यांच्या गुरूची, बाबूरावांची नजर जाणवते खरी. तरी शिष्यांची कमाई गुरूच्या खात्यावर जमा करू नकोस. बाबूरावांना यादीत घे ते 'सावकारी पाश'साठी, आणि क्रमांक देऊ नकोस.

काकूंना नमस्कार सांग. यादी छापायला देण्याआधी मला एकदा दाखव.

तुझा दोस्त