समासातील शेरा
आज संध्याकाळी, कचेरी रिकामी झाल्यावर, नव्या कारकुनाच्या मसुद्यावर सवयीप्रमाणे तांबड्या शाईने ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारणार, तोच पहिल्या नोकरीत साहेबांनी सर्वांदेखत भिरकावलेली माझी फाईल आठवली आणि लेखणी थबकली. चुकले काय, हे त्या दिवशी मला कोणी सांगितलेच नव्हते. मग शिसपेन्सिलीने समासात लिहिले : ‘तिसऱ्या परिच्छेदात अर्जदाराची मागणी आधी, नियम नंतर घ्यावा. तारखांचा तक्ता उत्तम.’ शासकीय सेवेतील वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. परंतु वर्षअखेरीस कळलेला दोष सुधारण्यास अवधी कितीसा उरणार? उद्या त्या कारकुनाला शेजारी बसवून हा मसुदा सोबतच वाचणार आहे.