लाइन : एका इंग्रजी शब्दाची नागपुरी कुळकथा

१/ नागपुरात वीज गेली, की घराघरांतून उद्गार उमटतो, ‘लाइन गेली!’ तिकिटासाठी लाइन लागते, लाइनमन तारेची लाइन जोडतो आणि कॉलेजच्या फाटकाशी तरुणाई लाइन ‘मारते’ही. इतक्या अर्थांचा हा शब्द शहरात आला तो मात्र अधिकाराची खूण म्हणून.

२/ लॅटिन ‘लिनिआ’ म्हणजे जवसाच्या तंतूचा दोरा. विदर्भाच्या शेतांत पिकणाऱ्या जवसाशी या शब्दाचे असे दूरचे गोत्र आहे. दोरा ताणला की रेघ होते. त्या रेघेत तंबू उभारले की छावणी.

३/ सैनिकांच्या निवासाच्या रांगांना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. त्याच धर्तीवर मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ‘सिव्हिल लाइन्स’ झाली. पोलीस लाइन टाकळी या नावातही तोच अर्थ टिकून आहे.

४/ १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसले पराभूत झाले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तले आणि पुढे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनले. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वेची लाइनही आली. रुळांच्या पूर्वेस महाल-इतवारीचे दाट शहर, पश्चिमेस साहेबांचे प्रशस्त बंगले, अशी विभागणी दृढ झाली.

५/ १९२३ मध्ये हीच सीमा संघर्षाचे कारण ठरली. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक नेण्यास सरकारने मनाई केली. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या तिकडे निघू लागल्या आणि अटक होऊ लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. देशभरातून स्वयंसेवक आले. हजाराहून अधिक जणांनी कारावास पत्करला.

६/ अखेर १८ ऑगस्टला ध्वज घेऊन मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार पडली. लढा रस्त्यावरून चालण्याच्या हक्काचा दिसत होता; खरा प्रश्न होता, ही रेघ आखण्याचा अधिकार कोणाचा?

७/ आज त्याच सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन उभे आहे. हिवाळी अधिवेशनात आपले गाऱ्हाणे घेऊन येणारे मोर्चे पोलीस त्याच्या अलीकडेच अडवतात. राज्यकर्ते बदलले, ध्वजही बदलला. नावातली ‘लाइन’ मात्र तशीच आहे. सिव्हिल लाइन्सची पाटी पुन्हा दिसेल, तेव्हा १९२३ ची ती पावले अवश्य आठवावीत.