एकशेसत्तावीस दाते

अण्णांचं लेथ इंचातलं. लीड स्क्रूला इंचाला चार आटे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शेडवर येणारी कामं मात्र बहुतेक मिलिमीटरची. या दोन मापांची सोयरीक जुळवायला खोक्यात एक थोराड बिडाचं चेंज गिअर असे, १२७ दात्यांचं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पाचाने गुणलं की १२७. वर ४०चं आणि लीड स्क्रूवर हे लावलं, की नेमके दोन मिलिमीटरचे आटे पडत. लहानपणी खडूची खूण करून मी दाते मोजायचो. कधी १२६ भरायचे, कधी १२८.

"खुणेचा दाता दोनदा धरलास काय रे?" अण्णा न बघताच विचारायचे.

ते फरशीवर पडलं माझ्याच हातून. दोन दाते गेले. अण्णांनी तुटल्या जागी ओळीने भोकं पाडली, टॅप फिरवला, स्टड पिळून बसवले आणि कानशीने घासून त्यांचेच दाते केले. दोन दुपारी गेल्या. मला एक शब्द बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

अण्णांच्या माघारी ते गिअर आरपार तडकलं. कुणीतरी म्हणालं, ६३चं लाव, वर २०चं. आखूड नट बसला, पण आट्यांच्या खोल भोकात स्टड थोडा जाऊन अडकला. शंभर मिलिमीटरला पाऊण मिलिमीटरहून जास्त चूक होत होती. मग पुण्याच्या जुन्या बाजारात १२७ दात्यांचं सापडलं. दोनदा मोजलं, हरखून आणलं. लावल्यावर किंचाळायला लागलं. आमचं बारा डीपीचं, म्हणजे इंची मापाच्या दात्यांचं, बाहेरचा व्यास २७३ मिलिमीटर. हे दोन मोड्यूलचं, मिलिमीटरी दात्यांचं, २५८. पंधरा मिलिमीटरचा फरक! तुटकं गिअर सोबत न्यायचा आळस, दुसरं काय.

शेवटी बिडाची चकती ओतून घेतली. पण १२७ला कशाने भाग जात नाही, त्यामुळे डिव्हायडिंग हेडची साधी प्लेट कामाची नाही. मिलिंगवाल्या काकांनी हेडला ५६ आणि २४ची गिअर जोडली. हँडल फिरवलं की प्लेट आपसूक उलटी सरकायची. गिअर कापायला आधी गिअर हवीतच!

शेडवर आणून बसवलं. अण्णा घालायचे तसा वर्तमानपत्राचा कपटा दोन गिअरांच्या मध्ये घातला, दाबून नट आवळला, हाताने फिरवून कपटा बाहेर काढला. घड्या पडल्या होत्या. फाटला कुठेच नव्हता.