रक्ताची जबानी

कोपरांवर, गुडघ्यांवर आणि पाठीवर सोरायसिसचे वास्तव्य कित्येक वर्षांचे असले, तरी तो किती तीव्र आहे याविषयी डॉक्टरांची खातरजमा करून देण्याचा प्रसंग मिनेसोटात येईपर्यंत माझ्यावर आला नव्हता. गौरवर्णी रुग्णाच्या अंगावर जो चट्टा लालभडक दिसतो, तोच आमच्या सावळ्या कांतीवर जांभळट-करडा दिसतो. आणि सोरायसिसची तीव्रता मोजण्याच्या, १९७८ पासून रूढ असलेल्या 'पासी' या मापनपद्धतीत लालीला स्वतंत्र गुण असल्यामुळे माझ्या वाट्याला ते नेहमी कमीच येत.

अशा स्थितीत रक्ताचीच साक्ष काढावी असे मनात आले, यात नवल नाही. सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असल्याने रक्तपेशींची मोजदाद ठराविक मुदतीने होतच असे, आणि २०२१ पासून येथील नियमानुसार तपासणीचा अहवाल रुग्णाला विनाविलंब पाहावयास मिळतो. त्यात पेशींच्या संख्या निरनिराळ्या ओळींत असतात. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर, ज्यावरून दाहाचा अंदाज येतो, ते मात्र छापलेले नसते, भागाकार आपणच करावयाचा. ५,६०० न्यूट्रोफिलांना १,६०० लिम्फोसाइटांनी भागले, तेव्हा साडेतीन आले. निरोगी प्रौढात हा आकडा सामान्यतः एक ते तीन यांच्या दरम्यान राहतो.

या भागाकाराला शास्त्राचा आधार आहे. त्वचेत जमलेले टी-लिम्फोसाइट इंटरल्यूकिन-१७ हे द्रव्य सोडतात, त्याच्या चिथावणीने त्वचेच्या पेशी न्यूट्रोफिलांना पाचारण करतात, आणि अस्थिमज्जेकडूनही त्यांची जादा कुमक रवाना होते. चट्ट्याच्या पापुद्र्यात त्यांचे जे सूक्ष्म पुंजके सापडतात, ते मन्रो या त्वचावैद्याच्या नावाने ओळखले जातात. सारांश, कातडीवरील दाहाची वर्दी रक्तापर्यंत पोहोचते, आणि रक्ताला माणसाचा वर्ण दिसत नाही, ही गोष्ट मला विशेष सुखावह वाटली.

परंतु पुढे हिवाळ्यात खोकल्यासाठी प्रेड्निसोनच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि चमत्कार असा झाला की चट्टे फिके पडले असताना गुणोत्तर सहाच्या वर गेले! त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी खुलासा केला, की स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात उतरतात आणि लिम्फोसाइट घटतात. जंतुसंसर्ग, धूम्रपान, किंबहुना नुसता मानसिक ताणदेखील हा आकडा फिरवू शकतो. गोळ्या थांबल्यावर सोरायसिस उसळण्याचा संभव असतो हेही त्यांनी बजावले, आणि तो उसळलाच. त्या वेळी मात्र त्यांनी लालीवर भिस्त न ठेवता चट्ट्यांची जाडी बोटांनी चाचपली, बोटांसह माझ्या तळहाताचे क्षेत्र म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का या हिशेबाने व्याप्ती मोजली आणि सांध्यांचीही चौकशी केली. मला वाटते, इतकी चौकशी पहिल्याच भेटीत झाली असती, तर मला भागाकार करीत बसावे लागले नसते.

तरीही गुणोत्तराची नोंद त्यांनी दप्तरातून काढून टाकली नाही. इंटरल्यूकिन-१७ ला अटकाव करणारी सुई सुरू करण्यापूर्वीचा आकडा हाती असावा, म्हणून रक्त पुन्हा द्यावयाचे ठरले. अट एवढीच, की त्या आठवड्यात सर्दी-पडसे नसावे. फेब्रुवारीतल्या मिनेसोटात ही अट पाळून दाखवणे सोपे नाही, हे मी त्यांना विनयपूर्वक सांगितले, तेव्हा त्यांनी तारीख एप्रिलमधली दिली.